चिंचओढ्यातला नवरंग

२ एप्रिल

वैजनाथनं ही बँकेची डायरी जानेवारीत दिली होती. "बाबा, रोज काहीतरी लिहीत जा, डोकं चालू राहतं." माझं डोकं बंद पडलं असं याला कोणी सांगितलं कोण जाणे. तीन महिने पार्वतीनं तिच्यावर दुधाचं पातेलं ठेवलं. आज ती पातेल्याखालून काढली, कारण आज ठरलं. जूनमध्ये आमी दोघं पुण्याला जाणार, लेकाकडं, कायमचं.

सुनबाई पुनम पुन्हा नोकरीवर जायची आहे आणि नात मिना शाळेत. लेकराकडं बघायला कोणीतरी पाहिजे. वैजनाथ पाडव्याला आला तेव्हा त्यानं विषय काढला, आज फोनवर पक्कं केलं. मी पार्वतीकडं बघितलं. ती म्हणाली, "बरं." एवढंच. पण मी काय ओळखत न्हाई हिला? हिला पुण्याचा भारी सोस आहे. मागच्या दिवाळीत महिनाभर राहिलो तिकडं, तर सातव्या मजल्यावरच्या त्या खिडकीपासून हलत नव्हती बाई. दिवसभर बाहेर बघत बसायची, जेवायला हाक मारली तरी ऐकू जायचं न्हाई.

मला काय, तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली. जिथं उतरलो तिथं माझं गाव. फक्त पाशाला अजून सांगितलं न्हाई.

८ एप्रिल

सांगितलं एकदाचं. सकाळी तळ्याच्या बांधावर चहा पिऊन राहिलो होतो.

चाँद पाशा म्हणजे आमच्या डोंगरकडा गावातलं मंडप, लाउडस्पीकर आणि लायटिंगचं दुकान. लग्न असो, उरूस असो, सप्ता असो, भोंगा पाशाचाच. आमची ओळख एस.टी.च्या टपावरची. याचे भोंगे टपावर चढवायचे म्हणून रोज आमची जुंपायची. एक दिवस चिंचओढ्याजवळ गाडी बंद पडली. भांडून भांडून दोघंही दमलो आणि तोंड धुवायला ओढ्यात उतरलो, तर समोर पाचोळ्यात तो! मैनेएवढा, आखूड शेपटीचा. पाठ हिरवी, पंखावर निळा तुकडा, पोटाखाली लालभडक, डोळ्यावर काळी पट्टी. टुणकन उडी मारायचा, एक पान उलटायचा, परत टुणकन. आमी भांडण विसरलो ते विसरलोच. त्याचं नाव नवरंग, हे मागाहून कळलं. तिथून आमा दोघांना पाखरांचं वेड लागलं. दर उन्हाळा सरता सरता त्या ओढ्याकडं कान लावून बसतो, पण नवरंग काही परत दिसला न्हाई.

तर पाशानं पुण्याचं ऐकून घेतलं. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "भोरड्या गेल्या मास्तर. यंदा लवकर गेल्या." कंडक्टरला लोक मास्तर म्हणतात, पाशानं ते अजून सोडलं न्हाई. मी म्हटलं, अरे मी काय सांगून राहिलो अन् तू पाखरांचं काय बोलून राहिला! तर म्हणे, "ऐकलं की. बहिरा थोडीच आहे."

जन्म भोंग्याखाली गेला, थोडा बहिरा आहेच तो. पण त्याला काही वाटलं न्हाई हे बरं झालं. उगी रडारड झाली असती तर मलाच जड गेलं असतं.

१९ एप्रिल

आज इसापूरच्या धरणावर गेलो, चौघंही. पाशाच्या टेम्पोत मंडपाच्या गाद्या टाकल्या, पाशाची बायको मलिकाभाभी आणि पार्वती मागं राण्यांसारख्या बसल्या. भरलं वांगं, भाकरी, ठेचा आणि मलिकाभाभीच्या हातची कैरीची चटणी. असा दिवस पुण्यात कोणी पैसे दिले तरी मिळायचा न्हाई.

चक्रवाकांची एकच जोडी मागं राहिली होती, बाकीचे कधीच उत्तरेला गेले. नदीसुरय पाण्यावर सुळकी मारत होते. शेकाटे आपल्या काटकुळ्या लाल पायांवर उभे. मी पार्वतीला एकेक दाखवून राहिलो, ती प्रत्येकाला म्हणायची "बगळा". हिला जगात दोनच पाखरं ठाऊक, एक बगळा आणि दुसरा कावळा. पाशा इतका हसला की दुर्बीण पाण्यात जाता जाता वाचली.

जेवणानंतर मी जरा आडवा झालो. उठून बघतो तर पार्वती आणि पाशा टेम्पोच्या आडोशाला उभं राहून बोलून राहिले. पार्वतीचे डोळे लाल. म्हटलं, काय खलबत चाललंय? पाशा म्हणाला, "वहिनी विचारून राहिल्या, पुण्याला न्यायचं सामान टेम्पोत मावंल का." आणि डोळे? "चुलीचा धूर गेला," पार्वती म्हणाली. चूल तर मलिकाभाभीनं पेटवली होती. असो.

२८ एप्रिल

पार्वतीनं वाळवणाचा सपाटा लावलाय. पापड, कुरडया, सांडगे. अंगणात पाय ठेवायला जागा न्हाई. वर्षभराचं करून राहिली. म्हटलं, दीड महिन्यात जायचंय, एवढं कशाला? तर म्हणे, "असू द्या." पुण्याला पोत्यानं नेणार दिसते.

५ मे

आला! आला! आला! माझं अक्षर बघा कसं नाचून राहिलं.

काल पाशा म्हणाला, "उद्या तळ्यावर नको, चिंचओढ्याला जाऊ. तू जायच्या आधी एकदा." मी उजाडता उजाडता पोचलो तर हा पठ्ठ्या आधीच हजर! जन्मात कधी वेळेवर न आलेला माणूस, वाकड्या बाभळीखाली बसून राहिलेला. मी काही बोलणार तेवढ्यात यानं बोट ओठावर ठेवलं. आणि आतून, करंजाच्या जाळीतून, शीळ आली. दोन सुरांची, नवरंगाचीच. व्हीऽ-ट्यूऽ. थोडं थांबून परत व्हीऽ-ट्यूऽ.

होतो तिथंच खाली बसलो मी. पाशाचा हात धरला आणि लहान पोरासारखा रडलो, लाज न्हाई वाटत सांगायला. पाशाचेही डोळे भरले. म्हणाला, "मास्तर, तुझ्यासाठी आला रे."

आत जाऊन बघावं असं फार वाटलं. पण नियम माझाच आहे. तीन वर्षांमागं शहरातून फोटोवाले आले, टिटवीच्या अंड्यांवर बुटानिशी पाय दिला त्यांनी. त्या दिवसापासून मी वाकड्या बाभळीजवळच्या दगडावर चुन्यानं लिहून ठेवलंय, 'घरट्याचे दिवस. येथून पुढे जाऊ नये.' तेव्हा पाशा मला हसला होता. आज मी पाय उचलला तर यानंच दगड दाखवला. शहाणा झाला शेवटी.

यंदा चांगले पंधरा-वीस दिवस आधी आला. पण पाखराला काय कॅलेंडर थोडंच दिलंय!

९ मे

रोज ऐकून राहिलो. सहाच्या सुमाराला सुरू होतो. आठ-दहा शिळा, मग ओढ्यापलीकडच्या शेतवाल्या भीमराजच्या आखाड्यावरचा, शेतातल्या गोठ्यावरचा, कोंबडा आरवतो, मग हा थांबतो, मग परत. कोंबड्याला भितो की काय कोण जाणे. पाशाला म्हटलं, बघ कसा बराबर कोंबड्यानंतर गप होतो. पाशा म्हणाला, "होय का? माझ्या ध्यानात न्हाई आलं."

घरी पाऊल टाकायच्या आत पार्वती विचारते, "ओरडला का?" पस्तीस वर्षं संसार केला, पाखरांचं नाव काढलं की हिच्या कपाळाला आठी. आणि आता रोज विचारून राहिली. मनातून बरं वाटतं. उशिरा का होईना, बायकोला नवऱ्याच्या आवडीची किंमत कळली.

१४ मे

वैजनाथला फोन केला. म्हटलं, आमी जूनमध्ये येत न्हाई. नवरंग घरटं करणार, पिल्लं उडेपर्यंत मी इथून हलणार न्हाई. दसऱ्यानंतर बघू.

"एका पक्ष्यासाठी, बाबा?" त्याचा आवाज चढला. "पुनमनं ऑफिसात तारीख कळवली आहे." मागून पुनम काहीतरी बोलली. मी म्हटलं, तुझं बालपण मी एस.टी.त घालवलं, आता एक उन्हाळा माझा मला दे. त्यावर त्यानं आईला फोन द्यायला सांगितलं.

पार्वतीनं फोन घेतला. "यांचं वेड तुला ठाऊकच आहे रे राजा," इतक्या रडक्या सुरात म्हणाली की मलाच अपराध्यासारखं झालं. फोन ठेवला आणि लागलीच परसात जाऊन आळं केलं, दोडक्याच्या बिया टोचल्या. गुणगुणून राहिली होती. बिचारी, मन रमवायला काहीतरी पाहिजेच की.

१८ मे

पाशा दोन दिवस साखऱ्याला लग्नात. मी एकटाच ओढ्याला गेलो. नवरंगानं तोंड उघडलं न्हाई. पाशा नसला की पाखरूपण रुसून बसतं! आज पाशा परतला आणि आज परत सुरू. मी त्याला म्हटलं, तुझ्यावर जीव आहे रे त्याचा. पाशा कसंनुसं हसला. लग्नाच्या जागरणानं थकला असेल.

२१ मे

पेपरात आलं! फोटोसकट! 'डोंगरकडा शिवारात नवरंग पक्ष्याचे आगमन, निवृत्त वाहकाचा शोध.' बातमीदाराला मीच बोलावलं होतं. नांदेडच्या पक्षीमंडळाच्या शिलाताईंना फोनवर कळवलं, त्या रविवारी येणार, शीळ टेप करून नेणार आणि नोंद पाठवणार. स्टँडवर सगळे कंडक्टर-ड्रायव्हर हाका मारून राहिले. चहाचं बिल कोणी मला देऊ दिलं न्हाई.

पाशाला पेपर दाखवला तर त्याचा चेहरा उतरला. "छापायला काहून दिलं? मला विचारायचं तरी." मी म्हटलं, तुला काय विचारायचं? पाखरू काय तुझ्या दुकानातलं आहे? त्यावर उठून चालता झाला.

मला कळलं ते. बातमीत त्याचं नाव न्हाई, म्हणून पोटात दुखून राहिलं. ही आपली दोस्ती! नाव तर मी सांगितलं होतं, बातमीदार विसरला त्याला मी काय करू?

घरी आलो, जेवायला बसलो. दोन्ही वेळचं मीठ भाजीत एकदम पडलं होतं.

२५ मे

लिहू की नको. हात जड झालाय. पण लिहितो.

शिलाताई चार माणसं घेऊन आल्या. पोरगी हुशार, अदबीनं बोलणारी. कापडात गुंडाळलेला माइक, कानावर हेडफोन. पाशा आला नव्हता. मला वाटलं, जळून राहिला, जळू दे. पण शीळ मात्र वेळेवर सुरू झाली. मी सगळ्यांकडं बघितलं. एवढा ताठ मी बिल्ला मिळाला त्या दिवशीही उभा न्हाई राहिलो.

शिलाताई ऐकत राहिल्या. बऱ्याच वेळानं हेडफोन काढला. "काका, हा कोंबडा कोणाचा?"

"भीमराजच्या आखाड्यावरचा."

भीमराज तिथंच उभा होता, पाहुणे आले म्हणून दूध घेऊन आलेला. "मास्तर, आमी माळकरी माणसं," तो म्हणाला. "आमच्याकडं कोंबडी कुठून येणार?"

शिलाताईंनी मान खाली घातली. "काका, कोंबडा दर वेळी त्याच जागी आरवतो. एकाच सुरात. आपण बाभळीच्या पुढं जाऊन बघू या का?"

माझा भडका उडाला. म्हटलं, मी तीस वर्षं लोकांचे खोटे पास पकडले, मला खोटं सांगता? विश्वास नसेल तर मीच जातो! आणि माझाच नियम मोडून, माझ्याच दगडाला ओलांडून मी करंजाच्या जाळीत शिरलो.

फांदीच्या बेचक्यात एक थैली टांगलेली. थैलीत हाताएवढा स्पीकर. स्पीकरमधून व्हीऽ-ट्यूऽ. माझ्या तळहातावर नवरंग ओरडून राहिला आणि पाठोपाठ कोंबडा आरवला.

कोणी हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं. शिलाताई म्हणाल्या, "काका, असं होतं कधीकधी. आम्ही कुठं काही बोलणार नाही." मी स्पीकर बंद करायला गेलो तर बटण सापडेना. भीमराजनं बंद केला.

दुपारी पाशाच्या दुकानात गेलो. स्पीकर काउंटरवर आपटला. तो उभासुद्धा राहिला न्हाई. "पहाटे सवयीनं लावून आलो. मग बंद करायलाच निघालो होतो मास्तर, त्या लोकांच्या गाड्या दिसल्या, हिंमत न्हाई झाली." म्हटलं, काहून केलं? काय बिघडवलं होतं मी तुझं? तर म्हणे, "तू गेल्यावर मी कोणासंगं जाऊ तळ्यावर? सांग ना. कोणासंगं जाऊ?"

म्हणजे याला सकाळच्या चहाला सोबत पाहिजे, म्हणून माझी गावभर अब्रू घालवली! मी त्याच्या अंगावर थुंकलो न्हाई एवढंच. म्हटलं, आजपासून तू मला मेला.

२६ मे

थैली खिशातच राहिली होती. आज हाती लागली. खाकी कापड, दव लागू नये म्हणून आतून मेणकापडाचं अस्तर, बारीक हातशिलाई. बाहेरच्या बाजूला खिसा आणि खिशावर दोन भोकं. माझ्या बिल्ल्याची. ही माझ्या युनिफॉर्मच्या शर्टाची थैली आहे.

पार्वतीपुढं धरली. ती भाकऱ्या थापत होती. हात थांबले न्हाईत तिचे.

"कोणी शिवली?"

"मी."

"स्पीकरची अक्कल कोणाची?"

"पाशाभाऊंची. मी नुसतं म्हटलं होतं, भाऊ, कसंही करून यांना इथं थांबवा."

मी म्हटलं, तुला पुण्याला जायचं नव्हतं तर तोंड शिवलं होतं काय? तशी ती माझ्याकडं वळली. "सांगितलं होतं. तिथं मला कोंडल्यावानी होतं, त्या खिडकीत बसलं की तेवढा श्वास येतो. तुमी म्हणले, होईल सवय."

मला तर असं काही म्हटल्याचं आठवत न्हाई. आणि म्हटलं असेल तरी नवऱ्याच्या पाठीमागं परक्या माणसाशी संगनमत करायचं? रोज दारात उभी राहून 'ओरडला का' विचारायची! आणि मी येडा, रोज हौसेनं सांगायचो, आज अमुक शिळा घातल्या, आज असा बोलला. माझ्या तोंडाकडं बघून काय वाटत असेल हिला? कशी जेवत असेल ही माझ्या ताटासमोर बसून?

वैजनाथला फोन लावला. म्हटलं, गाडी घेऊन ये, आमी येतो. ती आतून ऐकून राहिली होती. भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येत होता.

७ जून

स्टँडवर जायची सोय उरली न्हाई. काल एक पोरगेलासा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मास्तर, कोंबडा आरवला का?" सगळी गाडी हसली. शिलाताईंनी कोणाला सांगितलं नसेल, पण भीमराजच्या पोटात काय राहतं?

आज बकरी ईद. मलिकाभाभी दर ईदला आमच्यासाठी वेगळ्या भांड्यात शेवयांची खीर करून पाठवतात. आजही डबा आला. मी दारातूनच परत पाठवला. मागाहून परसात गेलो तर तोच डबा घासून पालथा घातलेला. पार्वतीनं मागच्या दारानं घेतला होता. खाल्ली असेल. खाऊ दे. तिकडचीच आहे ती आता.

१० जून

हद्द झाली!

आमची शेळी भीमराजला द्यायची होती, म्हणून मी आणि पार्वती त्याच्या आखाड्यावर गेलो. त्याच्याशी मी कामापुरतंच बोललो. येताना चिंचओढ्याची वाट. दोन दिवस आभाळ भरून राहिलंय, ओढ्यात गारवा होता. वाकड्या बाभळीपाशी आलो आणि आतून, व्हीऽ-ट्यूऽ!

माझ्या मस्तकात तिडीक गेली. इतकं होऊनही लाज न्हाई! जाता जातासुद्धा जखमेवर मीठ! या वेळी तर तयारी भारी केलेली. एक शीळ करंजातून यायची, तिला उत्तर पलीकडच्या जांभळीतून. दोन स्पीकर लावले होते लेकाच्यानं. जागाही बदलायचा आवाज, आता इथून, आता तिथून, खालून. कधी अर्ध्यातच तुटायचा. आणि कोंबडा न्हाई. उभा राहून मुद्दाम ऐकत राहिलो, कोंबडा आलाच न्हाई. म्हणजे तेवढा कापून टाकला. चूक ध्यानात आली असेल ना!

पार्वती दगड ओलांडून आत गेली आणि वाकून बघायला लागली. मग कुजबुजली, "अहो. अहो, इकडं या. पान उलटून राहिलं. हिरवं हाय, पंखावर निळं. पोटाला लाल. एक न्हाई, दोन हायत."

जन्मभर बगळ्याशिवाय पाखरू न ओळखलेली बाई मला रंग सांगून राहिली! पाशानं पाठच करून घेतलं असणार. ती परत येऊन माझा हात ओढायला लागली, "एकदा बघा हो, तुमच्या पाया पडते." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. इसापूरलाही होतं. मी हात हिसडला.

तिथूनच पाशाला फोन लावला. म्हटलं, स्पीकर काढ तुझे, न्हाईतर फोडून टाकीन. तो म्हणाला, "कोणते स्पीकर? मी वसमतला लग्नात आहे मास्तर, बँड ऐकू येऊन न्हाई राहिला का?" बँड वाजत होता खरा. पण याला बँड वाजवायला काय लागतं? सारं दुकान रेकॉर्डिंगनं भरलंय. तेवढ्यात इकडं परत शीळ झाली. फोनवर बँडचा आवाज एकदम लांब गेला. मग हळूच म्हणाला, "मास्तर, थांब. फोन तिकडं धर जरा. अरे, हा माझा न्हाई. अल्लाची कसम, हा माझा न्हाई रे. आत जा, बघ त्याला..."

मी फोन कापला. ओढ्यातला एक धोंडा उचलला आणि जाळीत भिरकावला. आवाज बंद झाला. नेम बसला वाटतं स्पीकरवर.

वाटेत पार्वती माझ्या मागं बरंच अंतर ठेवून चालत होती.

१३ जून

वैजनाथ गाडी घेऊन आला. सामान थोडंच निघालं. पापड-कुरडयांचे डबे पार्वतीनं मलिकाभाभीकडं दिले, पुण्याला न्यायला नको म्हणाली. दोडक्याचा वेल मांडवावर चढू लागलाय, त्याला पाणी घालायचंही त्यांनाच सांगितलं. मांडवाचे बांबू पाशाच्या दुकानातले आहेत हे आज ध्यानात आलं.

पाशा स्टँडसमोरच्या लिंबाखाली उभा होता. दुर्बीण गळ्यात. त्यानं हात वर केला न्हाई, ओढ्याच्या दिशेनं नुसतं बोट दाखवलं. मी काच वर केली.

२९ जून, पुणे

इथं कबुतरं आहेत. मिना मला कबुतर दाखवते आणि विचारते, "आबा, याचं नाव काय?" म्हटलं, कबुतर. रोज तेच.

सकाळी मोबाइलवर पाशाचा फोटो आला. फोटो पुरता उघडला नव्हता, नुसता अंधुक होता. पाचोळ्यावर काहीतरी हिरवं, त्यावर निळा ठिपका, खाली लाल. शेजारी तसंच आणखी एक, चोचीत काडी. मधोमध डाउनलोडचा बाण. त्यावर बोट ठेवलं की पुरता उघडतो, एवढं मला येतं आता. पण नवरंग ज्याला बनवता येतो त्याला फोटो बनवायला किती वेळ लागतो! पुसून टाकला.

पार्वती खिडकीपाशी बसली होती. बाहेर बघत बघतच म्हणाली, "पाशाभाऊंचं काय आलं?"

म्हटलं, "काही न्हाई. सुप्रभातचं चित्र होतं."

ती म्हणाली, "बरं."